पगार जमा, शिल्लक शून्य : न फिटणाऱ्या ओव्हरड्राफ्टचं एक प्रकरण

या प्रकरणातलं आडनाव बदललं आहे. बँक, विकासक आणि कंपनी यांची नावं गाळली आहेत. तारखा, रकमा आणि पत्रव्यवहाराचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण ओव्हरड्राफ्टच्या प्रकरणात क्रमालाच सगळ्यात जास्त महत्त्व असतं.

पार्श्वभूमी

सावंत, वय ४३, अंधेरीतल्या एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रांच्या विभागात. घरात पत्नी, दहावीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि सावंतांची आई. स्वतःचं घर विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, म्हाडाच्या जुन्या इमारतीत. ती इमारत पुनर्विकासाला गेली आणि २०२२ च्या सुरुवातीला रिकामी झाली. विकासक दरमहा २२,००० रुपये भाडं देणार होता. पहिल्या वर्षाचे चेक त्याने आगाऊ दिले आणि ते वटलेही. त्या भरवशावर सावंतांनी भांडुपला वन बीएचके घेतलं.

जून २०२३ पासून विकासकाचं भाडं बंद झालं. ‘पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देतो’ हे उत्तर सोसायटीच्या कमिटीने सोळा महिने ऐकलं. दरम्यान भांडुपचं भाडं २४,००० झालं.

सावंतांच्या पगार खात्याला सप्टेंबर २०२२ पासून ओव्हरड्राफ्टची (थोडक्यात ओडीची) सोय जोडलेली होती, म्हणजे खात्यात पैसे नसतानाही ठरलेल्या लिमिटपर्यंत उचलता येण्याची. बँकेच्या अ‍ॅपवर दोन-तीन बटणं दाबली की मिळते ती. लिमिट ४,००,०००, व्याज वार्षिक १६.५ टक्के, रोजच्या बाकीवर मोजून महिनाअखेरीस खात्याला नावे. वर्षाकाठी नूतनीकरणाचं शुल्क २,९९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५३९. तारण काही नाही. पहिले आठ-नऊ महिने ही सोय वापरलीच गेली नाही. जून २०२३ नंतर दर महिन्याला भाड्याएवढी रक्कम तिथून उचलली जाऊ लागली. सोळा महिन्यांत २२,००० च्या हिशोबाने ३,५२,००० होतात. वर चाळीसेक हजार व्याज. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस बाकी होती ३,९२,०००.

म्हणजे या कर्जात चैनीचा भाग जवळजवळ नव्हता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण सावंत पहिल्यांदा बोलले ते गुन्हा कबूल केल्याच्या सुरात, आणि त्या सुरामुळेच त्यांनी घरी वर्षभर काही सांगितलं नव्हतं.

कर्ज दिसलं कसं नाही

कर्जाचा हप्ता असतो, त्याला तारीख असते, चुकला की फोन येतो. ओडीला यातलं काही नाही. सावंतांच्या स्टेटमेंटमधला एक महिना घेऊ. १ तारखेला ६४,००० पगार जमा. बाकी ३,९२,००० वरून ३,२८,००० वर येते. अ‍ॅपच्या पहिल्या पडद्यावर हिरव्या अक्षरात उपलब्ध रक्कम ७२,००० दिसते. हे ७२,००० त्यांचे नाहीत. लिमिट वजा बाकी एवढाच तो आकडा आहे. पण पाहणाऱ्याला पगार आणि वर थोडं शिल्लक असंच वाटतं. २५ तारखेपर्यंत बाकी पुन्हा ३,९०,००० च्या वर.

३,९२,००० वर १६.५ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज १७७ रुपये होतं. महिन्याच्या मधल्या दिवसांत पगारामुळे बाकी थोडी खाली असल्याने प्रत्यक्षात महिन्याला पाच हजारांच्या आसपास नावे पडत होते. ते वेगळे भरावे लागत नव्हते. लिमिटमध्ये जागा होती तोवर व्याजही ओडीतूनच फिटत होतं. असं व्याज कुणाला टोचत नाही.

अडचण

ओडी ही मागताक्षणी फेडायची रक्कम असते. मंजुरीपत्रात हे वाक्य असतंच, आणि बँक दरवर्षी लिमिट तपासते. २८ सप्टेंबर २०२४ ला नूतनीकरणाची तारीख होती. ९५ टक्क्यांच्या वर भरलेलं लिमिट आणि क्रेडिट कार्डाचे दोन उशिरा भरलेले हप्ते पाहून बँकेने नूतनीकरण केलं नाही. एक एसएमएस आला. तो ओटीपी आणि जाहिरातींच्या गर्दीत वाचायचा राहिला.

१ ऑक्टोबरला पगार जमा झाला. बाकी ३,२८,०००, लिमिट शून्य, उपलब्ध रक्कम शून्य. घरभाड्याचा चेक परत गेला, एलआयसीचा ऑटो-डेबिट परत गेला. प्रत्येकी ५०० अधिक जीएसटी, म्हणून १,१८० रुपये दंड. त्या आठवड्यात दोन चुका झाल्या आणि अशा प्रसंगी जवळपास प्रत्येक घरात त्याच होतात.

पहिली : मेहुण्याकडून भाड्यासाठी ४०,००० उसने घेतले. मेहुण्याने ते सवयीप्रमाणे सावंतांच्या नेहमीच्या खात्यावर पाठवले. बाकी २,८८,००० झाली आणि भाडं तसंच राहिलं. मेहुण्याचे पैसे बँकेला पोचले होते.

दुसरी : क्रेडिट कार्डावरून २०,००० रोख काढले. त्यावर अडीच टक्के शुल्क, जीएसटी आणि पहिल्या दिवसापासून दरमहा साडेतीन टक्के व्याज. १६.५ टक्क्यांचं कर्ज झेपत नाही म्हणून बेचाळीस टक्क्यांचं घेतलं, असा त्याचा अर्थ.

१४ ऑक्टोबरला हे प्रकरण सल्ल्यासाठी आमच्याकडे आलं तेव्हा ओडीची बाकी २,८९,००० च्या वर, मेहुण्याचे ४०,०००, कार्डाचे वीस हजारांहून थोडे जास्त, घरमालकाचं एका महिन्याचं भाडं थकलेलं आणि हातात रोख तीन हजार. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, म्हणून कंपनी २८ ऑक्टोबरलाच पगार आणि २०,००० बोनस देणार होती. तो पगार कुठल्या खात्यात जाईल याची यादी एचआर विभाग १८ तारखेला बंद करणार होता. चार दिवस.

पहिला निर्णय : पगार हलवायचा की नाही

सावंतांचा आक्षेप रास्त होता. ‘बँकेला फसवल्यासारखं होईल ना?’ उत्तर कागदातच शोधायचं होतं, म्हणून आधी मंजुरीपत्र काढलं. दोन गोष्टी पाहिल्या. एक, कंपनीने बँकेला ‘ना-हरकत मिळाल्याशिवाय पगार खातं बदलणार नाही’ असं हमीपत्र दिलं आहे का. काही मालक देतात, आणि मग एचआर हात वर करतं. इथे तसं पत्र नव्हतं. दोन, खातं हलवलं तर काय होईल. अट अशी होती की पगार बंद झाल्यास बँक सोय रद्द करून सगळी रक्कम मागू शकते. सोय तर आधीच रद्द झाली होती. गमावण्यासारखं उरलं नव्हतं.

खातं न हलवता पाच-सहा पगार बँकेला गिळू दिले असते तर ओडी एप्रिलपर्यंत फिटला असता, पण घर चालवायला तेवढीच रक्कम बाहेरून, कार्डाच्या आणि लोन अ‍ॅपच्या दराने उचलावी लागली असती. देणं टाळण्यासाठी पगार हलवणं आणि देणं फेडता यावं म्हणून हलवणं यात फरक दिसतो तो त्याच दिवशी लिहिलेल्या पत्रात. म्हणून दोन्ही कामं एकत्रच करायची ठरली.

नवं खातं कुठे, हेही महत्त्वाचं. ज्या बँकेत कर्ज, कार्ड, काहीही नाही अशीच बँक निवडायची. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत खातं उघडून उपयोग नाही. एका खात्यातलं येणं दुसऱ्या खात्यातल्या जमेतून वळतं करण्याचा अधिकार कर्जाच्या अटींत लिहिलेला असतो, आणि करार कायद्याचं कलम १७१ बँकेला सर्वसाधारण धारणाधिकारही देतं, म्हणजे येणं फिटेपर्यंत ताब्यातलं अडवून ठेवण्याचा हक्क. सावंतबाईंचे १८,००० त्याच शाखेत, दोघांच्या नावे असलेल्या बचत खात्यात होते. एकाच्या कर्जापोटी संयुक्त खात्यातली रक्कम वळती करणं वादाचं ठरतं, पण वाद जिंकेपर्यंत किराणा थांबत नाही. तेही पैसे हलवले.

१५ ला व्हिडिओ केवायसीने खातं उघडलं, १७ ला रद्द केलेल्या चेकसह एचआरचा फॉर्म भरला. त्याच दिवशी बँकेला मराठीत पत्र गेलं : शाखेत पोच घेऊन एक प्रत, आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. मुख्य भाग असा होता :

‘माझ्या ओव्हरड्राफ्ट खात्याचे नूतनीकरण दि. २८/०९/२०२४ रोजी झालेले नाही. संपूर्ण बाकी एकरकमी भरण्याची माझी आज ऐपत नाही. घरभाडे व किराणा यांसाठी पगार आवश्यक असल्याने तो मी अन्य खात्यात घेत आहे. बाकी मला मान्य असून ती बुडवण्याचा माझा हेतू नाही. नोव्हेंबरपासून दरमहा रु. ५,००० या खात्यात भरीन. बाकीचे मुदत कर्जात रूपांतर करावे. उत्पन्न-खर्चाचा तक्ता व पगाराच्या तीन पावत्या सोबत जोडल्या आहेत.’

‘बाकी मला मान्य असून’ या चार शब्दांवर थांबून विचार केला होता. मुदत कायद्याच्या कलम १८ नुसार अशी लेखी कबुली दिली की बँकेची दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून नव्याने सुरू होते. जुन्या, दोन-अडीच वर्षं कोणी न विचारलेल्या कर्जात हे शब्द घाईने लिहू नयेत. इथे कर्ज ताजं होतं, मुदत संपण्याचा प्रश्नच नव्हता, आणि कबुलीशिवाय ओडीचं ठरावीक हप्त्यांच्या मुदत कर्जात रूपांतर करण्याची मागणी पोकळ वाटली असती.

बाकीचे पर्याय

घरखर्चाचा तक्ता आधी केला, कारण किती देता येईल हे माहीत नसताना पर्याय तोलणं म्हणजे वजनकाटा नसताना भाव करणं. सावंतबाईंनी नोव्हेंबरपासून एका दवाखान्यात अर्धवेळ काम धरलं, ११,००० चं. मिळून ७५,०००. खर्च : भाडं २४,०००, किराणा-दूध-गॅस १५,५००, वीज-मोबाइल ३,०००, प्रवास ३,२००, शाळा आणि क्लास ९,०००, आईंची औषधं ३,८००, एलआयसी २,९००, दुचाकीचा हप्ता ३,४००, किरकोळ ३,०००. बेरीज ६७,८००, उरतात ७,२००. सहा महिन्यांपूर्वी हाच खर्च ऐंशी हजारांच्या घरात होता. वॉशिंग मशीनचे हप्ते संपले होते आणि बरंच काही आधीच छाटलं होतं. विकासकाचं भाडं जमेच्या बाजूला धरलं नाही. ते येणं आहे, उत्पन्न नाही.

सोनं. सावंतबाईंकडे चाळीसेक ग्रॅम दागिने. सोनेतारण कर्जाचा दर ओडीपेक्षा सहा-सात टक्के कमी, म्हणून सगळं गहाण टाकून ओडी संपवायचा मोह मोठा. पण ओडी विनातारण होता. सोनं गहाण टाकलं की चुकलेल्या हप्त्याची शिक्षा पत-अहवालावरून थेट मंगळसूत्रावर येते, लिलावापर्यंत. शिवाय सोनं त्यांचं, सही त्यांची, आणि कर्ज नवऱ्याने न सांगता काढलेलं. निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी पंधरा ग्रॅम दिलं, ६०,००० चं कर्ज मिळालं. त्यातून कार्डाची रोख आणि ऑक्टोबरचं भाडं फिटलं, उरलेल्यात किराणा झाला. बेचाळीस टक्क्यांचं कर्ज साडेनऊवर आलं. सोन्याचा इथे खरा उपयोग एवढाच होता.

कंपनीतली पगारदार पतसंस्था. दर बरा, पण दोन सहकाऱ्यांचा जामीन लागतो. हप्ता महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ खाली पगारातूनच कापला जातो, आणि थकलं तर कलम १०१ चा वसुली दाखला निबंधकाकडून निघतो, दिवाणी दाव्याची गरज नाही. तो जामीनदारांवरही चालतो. बँकेचं कर्ज सहकाऱ्यांच्या डोक्यावर ठेवायला सावंत तयार नव्हते. बरोबरच होतं.

पीएफ. न्यायालयाच्या जप्तीचाही ज्याला हात लागत नाही तो पैसा स्वतः काढून बँकेला देण्यात शहाणपण नाही. इथे चर्चा पाच मिनिटांत संपली.

तडजोड, म्हणजे एकरकमी कमी रक्कम भरून खातं मिटवणं. खातं थकीत झाल्याशिवाय बँका सहसा या वाटेला येत नाहीत, आणि एकरकमी पैसेही नव्हते. पत-अहवालात ‘सेटल्ड’ शेरा राहतो. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार तडजोड केलेल्याला तीच बँक किमान बारा महिने नवं कर्ज देऊ शकत नाही. सावंतांना पुढे पुनर्विकासातल्या जादा क्षेत्रासाठी गृहकर्ज लागण्याची शक्यता होती. हा शेरा तिथे महाग पडला असता.

दिवाळखोरी. मुंबईत व्यक्तीसाठी अजून १९०९ चाच प्रेसिडेन्सी शहरांचा दिवाळखोरी कायदा लागू आहे, आणि अर्ज मुंबई उच्च न्यायालयात जातो. सावंतांना कुणीतरी हे सुचवलं होतं. पण दिवाळखोर ठरल्यावर मालमत्ता सरकारी अभिहस्तांकितीकडे, म्हणजे ती ताब्यात घेऊन देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते, आणि विक्रोळीच्या नव्या घरातला हक्क ही सावंतांची एकमेव मालमत्ता. तीन लाखांसाठी ते पणाला लावायचं नाही.

काहीच न करणं. हाही पर्याय असतो आणि त्याचाही हिशोब मांडावा. विनातारण कर्ज, म्हणून तारण जप्त करून विकण्याचा सरफेसी कायदा नाही. २० लाखांखालची रक्कम, म्हणून कर्जवसुली न्यायाधिकरण नाही. साधा दिवाणी दावा. हुकूमनामा झाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. ६४,००० पैकी ढोबळमानाने २१,००० पर्यंत दरमहा जप्त होऊ शकतात, एका हुकूमनाम्यापोटी जास्तीत जास्त २४ महिने. म्हणजे कमाल ५,०४,०००. कर्ज त्याहून कमी असल्याने बँकेला सगळं मिळालं असतं, तेही सावंतांना झेपणाऱ्या रकमेच्या तिप्पट हप्त्याने. हा हिशोब मांडल्यावर रूपांतराच्या बाजूने कौल पक्का झाला.

बँकेशी बोलणी

शाखेचं पहिलं उत्तर तोंडी : ‘सर, सिस्टीम घेत नाही.’ यामागचं कारण माहीत असलं की पुढचं बोलणं सोपं जातं. आर्थिक अडचणीतल्या कर्जदाराच्या अटी सैल करणं ही रिझर्व्ह बँकेच्या लेखी पुनर्रचना ठरते, आणि तशा खात्याचा वर्ग खाली आणून तरतूद करावी लागते, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी रक्कम बाजूला ठेवावी लागते. शाखाधिकारी हे स्वतःच्या अधिकारात करत नाही. शाखेत खेपा घालून काही होणार नव्हतं. अर्ज प्रादेशिक कार्यालयाच्या वसुली विभागाकडे जायला हवा होता.

तारखेचाही प्रश्न होता. ओडीची बाकी सलग ९० दिवस लिमिटच्या वर राहिली की खातं ‘आउट ऑफ ऑर्डर’, म्हणजे थकीत. २८ सप्टेंबरपासून मोजलं तर २७ डिसेंबर. त्यानंतर फाइल वकिलाकडे आणि बाहेरच्या वसुली एजन्सीकडे जाते, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस बदलतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एजन्सीचे फोन तरीही सुरू झाले. एक रात्री पावणेनऊला, एक कंपनीच्या बोर्डावर, एक चुलतभावाला. ‘पोलीस घेऊन येतो’ ही धमकी त्यातलीच. कर्ज न फेडणं हा फौजदारी गुन्हा नाही. चेक किंवा ऑटो-डेबिट न वटणं मात्र त्या वाटेने जाऊ शकतं. वसुलीचे फोन सकाळी ८ आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, आणि नातेवाइकांना त्रास देता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. सावंतांनी वहीत तारीख, वेळ, नंबर आणि बोललेलं वाक्य लिहिलं, कॉल लॉगचे फोटो काढले आणि लेखी तक्रार केली. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं, हे पत्राच्या शेवटी एका ओळीत नमूद केलं. आवाज न चढवता. दहा दिवसांत फोन थांबले, आणि योगायोग म्हणा किंवा नाही, प्रादेशिक कार्यालयातून ईमेलही आला.

पहिला प्रस्ताव : ३६ महिने, १६.५ टक्के, हप्ता १०,३७४. नाकारला, तक्ता पुन्हा जोडून. ४८ महिन्यांना ८,३७९ पडत होते. ६० महिन्यांना ७,२०३. मुदत वाढवण्याची किंमत लपवली नाही : ३६ महिन्यांत एकूण व्याज ८०,५०० च्या आसपास, ६० मध्ये १,३९,०००. साडेअठ्ठावन्न हजार जास्त. पण जो हप्ता तिसऱ्या महिन्यात चुकणार आहे तो स्वस्त नसतो. मुदतपूर्व भरण्यावर शुल्क नाही, हे मंजुरीपत्रात लिहून घेतलं. पैसे आले तर मुदत आपोआप आखडते.

सात हजार दोनशे उरत होते आणि हप्ता सात हजार दोनशे तीन, हे गणित कागदावरच बसतं. म्हणून एलआयसीची एन्डोमेंट पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते भरणं थांबवलं. सहा वर्षं भरली असल्याने ती बुडाली नाही, कमी रकमेने चालू राहिली. कंपनीचा गट विमा होता म्हणूनच हे केलं, नाहीतर कमावत्या माणसाचं संरक्षण कमी करण्याचा सल्ला कुणी देऊ नये. २,९०० ची मोकळीक मिळाली.

१८ डिसेंबरला सही झाली. सहीआधी तीन गोष्टी दुरुस्त करून घेतल्या. स्टेटमेंटमध्ये लिमिटबाहेरच्या बाकीवर ‘दंडव्याज’ लावून त्यावर पुन्हा व्याज मोजलं होतं. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर दंड हा शुल्क म्हणूनच घेता येतो आणि त्यावर व्याज चढवता येत नाही. १,७७० रुपये परत जमा झाले. ११,००० चा कर्जविमा परस्पर जोडला होता. तो ऐच्छिक असतो, काढायला लावला. आणि सह्या केलेले तीन कोरे चेक मागितले होते, त्याऐवजी नव्या खात्यावरून ऑटो-डेबिट दिला, तारीख ५. पगार १ ला होतो. सुट्टी आली तरी दोन-तीन दिवसांची उसंत राहते. कर्जाची रक्कम ठरली २,९३,०००, आणि ओडी खातं बंद झाल्याचं पत्र वेगळं मागून घेतलं.

परिणाम

पहिला हप्ता ५ जानेवारी २०२५. मुलीची दहावीची परीक्षा होईपर्यंत घर बदलायचं नाही असं ठरलं होतं. एप्रिलमध्ये कुटुंब कळव्याला १७,००० च्या घरात गेलं आणि मेहुण्याचे दरमहा २,००० सुरू झाले. जूनमध्ये शाळेच्या फीमुळे एक हप्ता परत गेला, नऊ दिवसांनी दंडासह भरला.

फेब्रुवारीत पत-अहवाल काढला. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात बंद झालेला ओडी अजून ‘थकीत’ दिसत होता, आणि नवं कर्ज वेगळं. म्हणजे एकच देणं दोनदा. बंद झाल्याच्या पत्रासह तक्रार केली. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, त्यामुळे सव्वीसाव्या दिवशी झाली. पुनर्रचनेची नोंद मात्र खरी आहे, ती राहिली.

सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून वकिलामार्फत नोटीस दिल्यावर विकासकाने तीन महिन्यांचं भाडं, ६६,०००, जुलैमध्ये दिलं आणि पुन्हा बंद केलं. त्या पैशातून दागिने सोडवले. काहींचं म्हणणं होतं की तीच रक्कम १६.५ टक्क्यांच्या कर्जात भरायला हवी होती, साडेनऊच्या नव्हे. आकड्यांनी ते बरोबर आहेत. सावंतबाईंनी ऐकलं नाही, आणि त्यांना ऐकायला लावणं आमचं काम नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त संधी जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये होती. भाड्याचे दोन महिने चुकले, ओडी पन्नास हजारांच्या आत, पत स्वच्छ. तेव्हा घर बदललं असतं तर कर्ज झालंच नसतं. निदान साधं वैयक्तिक कर्ज कमी दराने मिळालं असतं. ओडी भरायला लागला की पत घसरते, आणि पत घसरली की ओडीतून बाहेर पडायचे स्वस्त दरवाजे बंद होतात. लिमिट भरण्याआधी बँकेला ते कमी करायला सांगता येतं, हे फार थोड्यांना सुचतं.

मेहुण्याचे ४०,००० वाचवता आले असते. ते सावंतबाईंच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यावर किंवा थेट घरमालकाला पाठवायचे. पण त्यासाठी बायकोला सांगावं लागलं असतं.

सल्ल्याच्या बाजूनेही एक चूक झाली. शाखेच्या लेखी उत्तराची तीन आठवडे वाट पाहिली. प्रादेशिक कार्यालयाला पहिल्याच दिवशी प्रत पाठवली असती तर बोलणी नोव्हेंबरात संपली असती आणि एजन्सीचे ते फोन आलेच नसते.

चाळीस ग्रॅम सोनं तेव्हाच विकून ओडी जवळजवळ पूर्ण मिटवावा का, हा प्रश्न आजही खुला आहे. व्याजाचे लाख-सव्वा लाख वाचले असते. २०२५ मध्ये सोन्याचा भाव इतका चढला की न विकणंच फायद्याचं ठरलं, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये हे कुणाला माहीत नव्हतं. त्याचं श्रेय निर्णयाला देता येणार नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये बारावा हप्ता गेला. भरले ८६,४३६, त्यातले पंचेचाळीस हजारांवर व्याजात, एकेचाळीस हजार मुद्दलात. बाकी २,५१,९००. विक्रोळीच्या इमारतीचं काम सातव्या मजल्यावर थांबलेलं आहे.